नुसतं एकत्र ठेवून भागत नाही

वसतिगृहात वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांना एका खोलीत ठेवलं की पूर्वग्रह आपोआप गळून पडतात, असं बरेचजण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगितलं होतं की नुसता सहवास पुरत नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि संस्थेचा पाठिंबाही हवा. विद्यापीठांत घोडं अडतं ते पहिल्याच अटीवर. गटप्रकल्पात सादरीकरण कायम अस्खलित बोलणाऱ्याकडे आणि टायपिंग बाकीच्यांकडे!

यावर उपाय म्हणून मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत जिगसॉ पद्धत आणली. धड्याचा एकेक तुकडा एकेकाकडे, तो त्यानेच इतरांना शिकवायचा. मग कुणालाच बाजूला सारून चालत नाही. महाविद्यालयातही हे जमण्यासारखं आहे, फक्त गट शिक्षकांनी पाडावेत. मुलांवर सोडलं तर ओळखीचेच एकत्र बसतात.

पूर्वग्रह घालवण्यासाठीच्या एकदिवसीय कार्यशाळा मात्र माझ्या मते बहुतेकदा हजेरीपुरत्याच. आणि हो, ‘तुमच्यात असं असतं का?’ याची उत्तरं दरवेळी वर्गात आपल्या समाजातल्या एकट्यादुकट्या असलेल्या मुलानेच द्यायची, ही तर उलटतपासणी झाली. विचारणाऱ्यालाही आपल्या घरातलं सांगायला लावा की!