रिअलॉक नंतर स्ट्रिंगमध्ये कचरा येतोय (सी मधला वाढणारा बफर)

सी_शिकतोय:
नमस्कार मंडळी, सी मध्ये वाढणारा स्ट्रिंग बफर (मजकूर साठवायची मेमरीतली जागा) लिहिलाय, स्ट्रक्टमध्ये तीनच गोष्टी, डेटाचा पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, लेंथ (किती भरलंय) आणि कपॅसिटी (किती मावतं). सुरुवातीला ६४ बाइट मॅलॉक करतो, म्हणजे मेमरी मागून घेतो, आणि जागा संपली की रिअलॉकने (घेतलेल्या ब्लॉकचा आकार बदलणारं फंक्शन) अजून ६४ वाढवतो. फाइलमधल्या ओळी एकामागून एक त्यात टाकतो आणि प्रत्येक ओळ कुठून सुरू झाली तो पॉइंटर वेगळ्या अ‍ॅरेत ठेवतो म्हणजे नंतर सॉर्ट करता येतील. छोट्या फाइलला नीट चालतं, मोठी दिली की पहिल्या काही ओळींच्या जागी कचरा छापला जातो, कधी शेवटी फ्री करताना (मेमरी परत देताना) क्रॅश. दोन दिवस झाले यात, मधे तपासायला प्रिंटएफ (स्क्रीनवर छापणारं फंक्शन) टाकला की बगच गायब होतो. रिअलॉक जुना डेटा पुसतो का?

ऑफसेटवाला:
पुसत नाही, हलवतो. आहे तिथेच वाढायला जागा नसेल तर नवा ब्लॉक घेतो, जुने बाइट तिकडे कॉपी करतो आणि जुना ब्लॉक फ्री करून टाकतो. स्ट्रक्टमधला पॉइंटर तू बदललास पण अ‍ॅरेतले सगळे अजून जुन्याच पत्त्यावर बसलेत. छोट्या फाइलला ब्लॉक हललाच नसेल म्हणून चाललं, कोड तेव्हाही चुकीचाच होता.

अ‍ॅरेत पॉइंटर नको, ऑफसेट ठेव, म्हणजे बफरच्या सुरुवातीपासून कितवा बाइट, साइझ टी मध्ये (आकार मोजायचा, निगेटिव्ह नसणारा पूर्णांक प्रकार). सगळी फाइल वाचून झाली, आता बफर वाढणार नाही अशी खात्री झाली की मग ऑफसेटवरून पॉइंटर बनव आणि सॉर्ट कर.

याच जातीची अजून एक चूक सांगतो कारण ती मला स्वतःला फार उशिरा सापडली होती. बफरला त्याचाच एखादा तुकडा जोडायचा असेल तर अपेंडला (जोडणाऱ्या फंक्शनला) दिलेला सोर्स पॉइंटर त्याच ब्लॉकच्या आतला असतो, आत रिअलॉक झालं की तो मेला आणि मेमकॉपी (बाइट कॉपी करणारं फंक्शन) तिथूनच वाचायला जाते.

शून्यबाइट:
वरचं बरोबर आहे पण फ्रीचा क्रॅश मला वेगळा वाटतो. जागा तपासताना शेवटचा नल बाइट (स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शून्य बाइट) मोजतोस का? लेंथ अधिक नवीन अक्षरं अधिक १, हे कपॅसिटीत बसायला हवं. बरोबर ६४ अक्षरं झाली की नल ६५व्या जागी जातो, तिथे मॅलॉकची स्वतःची नोंद असू शकते आणि ती बिघडली की बोंब फ्री करताना होते.

आणि रिअलॉकचं उत्तर थेट त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नकोस. नल पॉइंटर आला, म्हणजे मेमरी मिळाली नाही, तर जुना ब्लॉक तसाच जिवंत असतो पण त्याचा पत्ता तूच हरवलेला असतो. आधी टेम्प मध्ये (तात्पुरत्या पॉइंटरमध्ये) घे, तपास, मग बदल.

६४-६४ ने वाढवणं पण सोड. १ एमबी पर्यंत जायला १६,३८३ रिअलॉक लागतील आणि प्रत्येक वेळी ब्लॉक हलला तर एकूण ८ जीबी कॉपी होईल. दुप्पट करत गेलास तर १४ वेळात काम होतं, कॉपी १ एमबीच्या आत. फक्त दुप्पट करण्याआधी कपॅसिटी साइझ मॅक्सच्या (साइझ टी मध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा) निम्म्याहून जास्त नाही ना ते बघ, नाहीतर आकडा गुंडाळून छोटा होतो आणि तू छोट्या ब्लॉकमध्ये मोठी स्ट्रिंग लिहितोस.

कंपाइल करताना अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी सोय) चालू कर, प्रिंटएफपेक्षा लवकर सापडेल.

सी_शिकतोय:
सॅनिटायझरने पहिल्याच रनमध्ये पकडलं, ६४ बाइटच्या ब्लॉकला लागून पुढे १ बाइट लिहिलाय म्हणाला, तो नलच होता. ऑफसेट पण केले, कचरा गेला, दोघांचे खूप आभार. आता फॉरमॅट करून जोडणारं फंक्शन राहिलंय, व्हीएसएनप्रिंटएफ (फॉरमॅट केलेला मजकूर बफरमध्ये लिहून त्याची लांबी सांगणारं फंक्शन) एकदा लांबी काढायला आणि एकदा लिहायला बोलावतो, दुसऱ्या वेळी आकडे भलतेच येतात.

ऑफसेटवाला:
पहिल्या कॉलमध्ये व्हीए लिस्ट (फंक्शनला दिलेल्या, संख्या ठरलेली नसलेल्या आर्ग्युमेंट्सची यादी) वापरून संपते. त्याआधी व्हीए कॉपी घे, एक लिस्ट मोजायला, दुसरी लिहायला, आणि काम झालं की कॉपीला व्हीए एंड करून बंद करायला विसरू नकोस. परत आलेला आकडा निगेटिव्ह असेल तर तिथेच थांब, साइझ टी मध्ये टाकलास तर तो अवाढव्य होईल. आणि त्या आकड्यात नल धरलेला नसतो, इथेही अधिक १ लागेल.