बारा फुटी होडीला सगळंच सागवान कशाला?

कणा (तळाचं लांब मुख्य लाकूड), बरगड्या (आतला वाकडा सांगाडा), फळ्या, सगळं बर्मा टीकच, म्हणजे ब्रह्मदेशचा सागच, घ्यायचं म्हणताय. खिसा परवानगी देत असेल तर घ्या, पण गरज नाही. साग फळ्यांना ठेवा. त्यातल्या तेलामुळे तो सहसा कुजत नाही, पण तेच तेल इपॉक्सीला (जोडाच्या गोंदाला) धरू देत नाही. म्हणून जोड चिकटवण्याआधी ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसा.

कण्याला ऐनाचं लाकूड चालतं. जड आणि चिवट, फक्त ओलं घेतलंत तर पिळतं, चिरतं. बरगड्यांचा बाक सरळ फळीतून कापू नका. लाकडाची रेषा तुटली की तिथेच मोडतं. बाभळीची मुळातच वाकडी फांदी शोधा. कोकणातले होडीवाले सुतार उगाच बाभळीमागे लागत नाहीत.

वखारीत फळीचं टोक बघा. कडेची फिकट पट्टी म्हणजे रसकाष्ठ, सालीलगतचं कोवळं लाकूड, किडीचं आवडतं खाणं. ती काढून राहील तेवढ्याचाच घनफूट हिशोब धरा.

जुन्या वाड्याची तुळई मिळाली तर सोनंच, मात्र आधी चुंबक फिरवा, खिळा लपलेला असतो. आणि बल्लारशाहच्या वनखात्याच्या लाकूड डेपोतून लिलावात घेतलंत तर वाहतुकीचा पास (लाकूड नेण्याचा परवाना) गाडीतच ठेवा.