सगळ्यात जास्त कापलं जाणारं लाकूड, तेच घ्यावं का?

नवशिका_रंधा: पुस्तकांचं कपाट आणि जेवणाचं टेबल स्वतः करायचंय. अमेरिकेतल्या गिरण्यांत हार्डवुडमध्ये रेड ओक सगळ्यात जास्त कापतात असं वाचलं. डोळे झाकून तोच घेऊ? मेपल, अक्रोड, सागही डोक्यात आहेत.

पटाशीवाला: गिरणीत काय कापायचं ते जंगल ठरवतं. रेड ओक तिथे मुबलक आहे, म्हणून तो पुढे. कपाटाला उत्तम, पण टेबलावर पाणी सांडणारच. रेड ओकच्या छोट्या तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाने फुंका, बुडबुडे येतात! इतक्या मोकळ्या नळ्या असतात. व्हाइट ओकच्या बुजलेल्या असतात, म्हणून तर दारूची पिंपं त्याची करतात.

भुसा_आणि_चहा: हार्डवुड म्हणजे कडक लाकूड नव्हे बरं का, रुंद पानांच्या झाडांचं लाकूड. बोटाच्या नखाने खड्डा पडणारा बाल्साही हार्डवुडच. कडकपणाच्या जांका मोजमापात हार्ड मेपल 1450, रेड ओक 1290 आणि यलो पॉपलर फक्त 540. तरी पॉपलर धो धो खपतो, कारण रंधा सरसर चालतो आणि रंग छान बसतो. कपाट रंगवणार का?

नवशिका_रंधा: हो, कपाट रंगवणार. टेबलाच्या रेषा मात्र दिसायला हव्यात.

भुसा_आणि_चहा: मग कपाटाला पॉपलरच. फळ्या फार लांब ठेवू नका, पुस्तकांनी झोळ पडते. सागाचं म्हणाल तर लाकूड राजा, पण त्यातली वाळूसारखी सिलिका हत्यारांची धार खाते. पहिल्याच कामात वैतागाल.

गाठीचं_लाकूड: खपावर जाऊ नका. 2002 मध्ये मिशिगनमध्ये अ‍ॅशची झाडं पोखरणारा एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा सापडला. पुढे त्याच्या धास्तीने कितीतरी अ‍ॅश तोडावे लागले. लाकूड बाजारात आलं ते किड्यामुळे, आवडीमुळे नाही! रबरवुडचंही, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचंही, थोडं तसंच, चीक आटला की झाड तोडायचंच असतं.

नवशिका_रंधा: ठरलं, कपाट पॉपलरचं, टेबल व्हाइट ओकचं. आणखी काही?

पटाशीवाला: ओल्या ओकला लोखंडी शिकंजा (क्लॅम्प) टेकला की लाकडातल्या टॅनिन या द्रव्यामुळे काळा डाग पडतो, मध्ये कागद घाला. आणि वरची फळी स्क्रूने जाम आवळू नका, लाकूड हवेप्रमाणे फुगतं नि आकसतं. चौकटीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट पाडा.