डार्टमूरच्या हवाई छायाचित्रांतील लांबट आकार कशाचे असावेत?

प्रश्न:
मी इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील प्लिमथ शहरात राहतो आणि गेले काही महिने जवळच्या डार्टमूर या माळरानाची, विशेषतः प्लिम नदीच्या वरच्या खोऱ्याची, हवाई छायाचित्रे पाहत आहे. ट्राउल्सवर्दीच्या उतारावर दोन्ही टोकांना गोलाई असलेले आणि भोवती चर असलेले काही लांबट आकार दिसतात. ते खळगे आहेत की उंचवटे, हेही मला ठरवता आलेले नाही. जवळूनच एक सरळ दगडी बांध जातो. ही प्रागैतिहासिक थडगी असावीत का?

पहिले उत्तर:
छायाचित्र 180 अंशांत फिरवून पाहा. ब्रिटनमध्ये दुपारी सूर्य दक्षिणेला असल्यामुळे सावल्या उत्तरेकडे पडतात आणि उत्तर दिशा वर ठेवलेल्या छायाचित्रात ऊन खालून येते. आपला डोळा मात्र ते वरून येते असे धरून चालतो, म्हणून उंचवटा खड्ड्यासारखा भासतो. या एका भ्रमामुळे पुढचे सगळे अनुमान चुकू शकते.

दुसरे उत्तर:
ते उंचवटेच ठरले, तर थडग्यांआधी सशांचा विचार करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नॉर्मन काळात ब्रिटनमध्ये आणलेले ससे मांस आणि कातडीसाठी पाळले जात, आणि डार्टमूरची माती पातळ व ओलसर असल्यामुळे त्यांना बिळे करता यावीत म्हणून माती-दगडांचे उशीच्या आकाराचे ढीग मुद्दाम रचले जात. पाणी निचरून जावे म्हणून ते बहुधा उताराच्या दिशेने लांब ठेवत आणि भोवती चर खणत. ट्राउल्सवर्दी आणि शेजारचे डिट्सवर्दी ही अशा ससेपालनाची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. तिथे मुंगसासारख्या स्टोट या शिकारी प्राण्याला सापळ्याकडे वळवणाऱ्या छोट्या दगडी भिंतीही आढळतात. त्या दिसल्या तर शंका जवळजवळ मिटते. खोऱ्याच्या तळाशी नदीला धरून जाणारे मातीचे समांतर ढीग मात्र वेगळे, ते कथील शोधणाऱ्यांनी उपसलेल्या राडारोड्याचे असतात.

तिसरे उत्तर:
सरळ बांध 'रीव्ह' असू शकतो. 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी दाखवून दिले की डार्टमूरवरच्या अशा लांबच लांब, कित्येकदा समांतर बांधांनी कांस्ययुगात जमिनीची विभागणी झाली होती. त्यामुळे दोन्ही रचना एकमेकींना कुठे छेदतात ते शोधा. उंचवटा बांधावर चढलेला असेल तर तो निश्चितच नंतरचा. नुसत्या आकारावरून काळ ठरवणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ता:
छायाचित्र फिरवताच सगळे आकार उंचवटे झाले, आणि त्यांतील बहुतेक उताराच्याच दिशेने आहेत. एक मात्र आडवा आहे, आणि त्याचे टोक बांधावर चढते की बांधापाशी थांबते हे नेच्याच्या दाट वाढीमुळे दिसत नाही. फेब्रुवारीत नेचा वाळून आडवा झाला की सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्यक्ष जाऊन, कशालाही धक्का न लावता, तेवढा एक सांधा पाहून येईन.