१९११ चा 'डुकरी रुपया'

वर कुणीतरी लिहिलंय की पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर डुक्कर मुद्दाम कोरलं होतं. तसं नाही हो. राजाच्या अंगावरच्या साखळीत तो हत्तीच आहे, पण सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके, की लोकांना डुक्कर दिसलं. मुसलमान समाजात संताप उसळला, नाणी परत घेऊन बहुतेक वितळवली गेली. १९१२ मध्ये हत्तीला नीट सोंड आणि कान मिळाले.

माझ्याकडे आजीच्या डब्यातला एक आहे, वजन भरतं ११.६६ ग्रॅम. भिंग लावून छातीपाशी बघा, लगेच कळतं. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका, जीव तुटतो!