मदत हवी आहे: लग्नसराईत बाराती, डीजे आणि घाबरणारा कुत्रा (इंदूर)

नमस्कार मंडळी. दिवाळीत कुत्र्यांचं काय करायचं यावरचे धागे वाचून काढलेत, पण माझा प्रॉब्लेम उन्हाळ्याचा आहे म्हणून वेगळा धागा काढतेय. आम्ही इंदूरला सुदामा नगरकडे राहतो आणि घराच्या मागेच मॅरेज गार्डन आहे. दिवाळी निदान आटपते तरी, इथे अक्षय तृतीया आली की बाराती सुरू त्या सुरूच, वरून आयपीएल, आणि मॅच जिंकली की पब्लिक राजवाड्याला जायच्या आधी आमच्या चौकात लडी फोडून घेतं.

आमचा बंड्या देशी आहे, एरवी गल्लीचा दादा. पण आम्हाला ढोल ऐकू यायच्या कितीतरी आधी याचे कान मागे जातात, मग बाथरूममध्ये वॉशिंग मशीनच्या मागे घुसून फरशी खरवडत बसतो, हनुवटीखालचे केस लाळेने चिंब. उकडलेलं अंडं नाकाशी धरलं तरी बघत नाही. सू धरून ठेवतो ते पार मध्यरात्रीपर्यंत.

आता सगळे सांगतात दारं-खिडक्या लावून घ्या. अहो पण आमच्याकडे एसी नाही, कूलर आहे, आणि खिडकी उघडी नसेल तर कूलर नुसता दमट वाफारा मारतो. मालव्याच्या रात्री थंड म्हणतात त्या बारानंतर, नऊ वाजता भिंतीला हात लावून बघा. बरं, तो धापा टाकतो ते भीतीने की गरमीने हेच कळत नाही. ते अंगाला घट्ट बसणारं जॅकेट ऑनलाइन मिळतं, पण मे महिन्यात ते घालायचं का?

दुसरं म्हणजे सासूबाई त्याला जवळ घेऊन बसतात आणि नवरा म्हणतो लाड केले की भीती वाढते, यावरून घरात रोज वाद. शेजारच्या काकू म्हणतात माणसांची झोपेची गोळी अर्धी द्या, ते मी करणार नाहीये. डॉक्टरांनी एसीप्रोमाझिन (गुंगीचं औषध) लिहून दिलंय, त्याने तो लुळा पडतो पण डोळे टक्क उघडे.

रात्री दहानंतर डीजे बंद हा नियम माहीत आहे, पण बारात साडेआठलाच दारात असते, तक्रार कशाची करणार? आणि खरं सांगायचं तर नणंदेचं लग्न आम्हीही तिथेच केलंय.

पोह्यावर_शेव: सासूबाई बरोबर आहेत. भीती ही काही खोडी नाही, जवळ घेतल्याने ती वाढत नाही. फक्त ओढून बाहेर काढू नका, बाथरूम त्याने स्वतः निवडलंय, फरशी गार असते, राहू दे तिथे, पाणी ठेवा आणि दार उघडं ठेवा. कूलर गार्डनच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत न्या, तिकडचीच खिडकी उघडी ठेवा, कूलरची घरघर बाहेरचा आवाज बराच दाबते. जॅकेट या गरमीत नकोच. संध्याकाळी बारातीच्या आधी फिरवून आणा, पण रस्त्याला हाताची उलटी बाजू लावून बघा, चटका बसला तर थांबा. आणि पट्टा हातात घट्ट, घाबरलेला कुत्रा एका सुतळी बॉम्बला हिसका मारून पळतो, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच.

महूकर: एसीप्रोमाझिनबद्दल तुमची शंका रास्त आहे, नुसतं तेच दिलं तर शरीर सुस्त होतं, भीती तशीच राहते. डॉक्टरांना असंच्या असं सांगा आणि गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन या भीती कमी करणाऱ्या औषधांबद्दल विचारा. ही आवाजाच्या तास-दोन तास आधी देतात आणि पहिला डोस शांत दिवशी देऊन बघतात. डोस मात्र इथे कोणाला विचारू नका. दुसरं मत हवं असेल तर महूला व्हेटर्नरी कॉलेज आहेच. घरात थर्मामीटर ठेवा. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०४ च्या वर गेलं तर उष्माघाताची शंका घ्या, अंगावर पाणी, पंखा, आणि सरळ दवाखाना. आवाजाची सवय आत्ता लावायला जाऊ नका. देवशयनी एकादशीनंतर मुहूर्त बंद होतात तेव्हा मोबाईलवर बँडचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि सोबत चिकन, खात असेल तरच आवाज थोडा वाढवायचा. गणपतीत डीजे असतील तेवढे दिवस सुट्टी. तोपर्यंत गार्डनच्या बुकिंगच्या तारखा काढून ठेवा.

धागाकर्ती: दोघांचे खूप आभार! महूकर यांचा प्रतिसाद नवऱ्याला फॉरवर्ड केलाय, पोह्यावर शेव यांचा सासूबाईंनी स्वतःच दोनदा वाचून घेतला 😄 गार्डनचा चौकीदार ओळखीचा आहे, तारखा मिळतील. फक्त दोन तास आधी म्हणजे नक्की कधी हे डॉक्टरांना विचारावं लागेल, कार्डावर सात लिहितात आणि घोडी चौकातच नऊपर्यंत उभी असते.