मदत हवी आहे: 'डॅम'ला मराठीत नेमकं काय लिहायचं?

सावरी_
एक इंग्रजी कथा भाषांतराला घेतली आहे. उद्या सकाळी द्यायचीय आणि मी एका शब्दावर अडकलेय. त्यातली बाई उठता-बसता 'डॅम' म्हणते, मोजलं तर २९ वेळा. शब्दकोशात 'धिक्कार असो', 'शाप देणे', 'नरकात पाठवणे' एवढंच सापडतं. असं कोण बोलतं? सगळीकडे चालेल असा एक शब्द सांगा. लवकर, प्लीज.

भटक्या_७
च्यायला. डोळे मिटून टाका सगळीकडे.

खडूफळा
एका शब्दात भागणार नाही. 'डॅम' कधी उद्गार असतो, कधी विशेषण, कधी नुसता जोर द्यायला येतो, तर कधी क्रियापद म्हणून समोरच्यावर सोडलेला असतो. 'डॅम गुड' म्हणजे 'जाम भारी', तिथे शिवीचा संबंधच नाही. 'डॅमिंग एव्हिडन्स' म्हणजे गुन्हा शाबित करणारा पुरावा. वाक्यं द्या, मग बोलू.

सावरी_
२९ वाक्यं कुठे टाइप करत बसू? आणि च्यायला बाईच्या तोंडी कसं घालायचं?

रातकिडा
का नाही घालायचं? बायका च्यायला म्हणत नाहीत हे कुणी ठरवलं? माझी आत्या दिवसातून दहा वेळा म्हणते.

भटक्या_७
+१. शिवाय च्यायलाची शिवी आता झिजून गेलीय, तशीच 'डॅम'चीही.

मोगरा_
झिजली असली तरी तिच्यात आय आहे, ती ऐकू येतेच. 'डॅम'मध्ये कुणाची आई-बहीण नाही. तिथे देव आणि नरक आहे. इंग्रजीला देवाच्या नावाची भीती होती, म्हणून जुन्या कादंबऱ्यांत हा शब्द पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवून मधे रेघ मारून छापत. बोलताना चुकवायचा तर 'डार्न', 'डँग'. आपणही 'शिंदळीचा'चं 'शिंच्या' करून घेतलंच की. पण मुळातला विटाळ वेगळा आहे. एकीकडे धर्माचा, दुसरीकडे नात्याचा.

पोथीवाला
मुळापासून पाहिलं तर सोपं जाईल. लॅटिन 'डाम्नुम' म्हणजे नुकसान किंवा दंड. त्यावरून 'डाम्नारे', म्हणजे दोषी ठरवून शिक्षा सुनावणे. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि चर्चच्या तोंडी 'देवाने नरकाची शिक्षा सुनावणे' झाला. 'कंडेम', 'डॅमेज', 'इन्डेम्निटी' हे सगळे याच घरातले. शेवटचा 'न' एकट्या शब्दात मुका असतो, 'डॅम्नेशन'मध्ये बोलतो. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रज सैनिक 'गॉडॅम' इतकं म्हणत, की फ्रेंचांनी त्यांचं नावच 'गोदों' पाडलं.

सावरी_
माहितीबद्दल आभार, पण मी व्युत्पत्ती विचारली नव्हती. मला उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

इतिहासप्रेमी_
एक राहिलं. 'आय डोन्ट गिव्ह अ डॅम'मधला डॅम आपला 'दाम' आहे! अकबराच्या काळात एका रुपयाचे ४० दाम होत. दामाचीही पर्वा नाही, असा अर्थ.

पोथीवाला
नाही हो. ही कल्पना १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने पसरवली. ऑक्सफर्डच्या कोशाने ती ग्राह्य धरलेली नाही, कारण पुरावाच नाही. शिवीलाही किंमत नाही, इतकी साधी गोष्ट आहे.

इतिहासप्रेमी_
पुरावा नाही म्हणजे खोटं असं होत नाही. 'कवडीची किंमत नाही' आपण म्हणतोच ना? नाण्यावरून वाक्प्रचार होतातच.

पोथीवाला
होतात, पण हाच झाला हे दाखवावं लागतं.

रातकिडा
नाण्यांसाठी वेगळा धागा काढा. सावरीताई, बाईचं वय काय? कोणाशी बोलते? रागीट आहे की नुसती सवय आहे?

सावरी_
सत्तरीच्या पुढची, निवृत्त नर्स. एकटी राहते, जास्त करून स्वतःशीच बोलते. चिडकी नाही. नमुन्याला चार:
'द डॅम डोअर इज स्टक अगेन.'
'लेट देम टॉक, आय डोन्ट गिव्ह अ डॅम.'
'वेल, आय विल बी डॅम्ड.'
'शी वॉज अ डॅम गुड नर्स.' हे ती बहिणीबद्दल म्हणते.

मोगरा_
हे आधी सांगितलं असतं तर इतके प्रतिसाद वाचले असते! तुमचा शब्द 'मेला' आहे. 'डॅम्ड' जसा नामाला चिकटतो तसाच हाही चिकटतो, वर लिंगाप्रमाणे बदलतो: मेला पंखा, मेली खिडकी, मेलं दार. 'हे मेलं दार पुन्हा अडकलं.' या वयाच्या बाईच्या तोंडी अगदी सहज येतो, आणि त्यात मरणाचा अर्थ आता कुणाला जाणवत नाही.

खडूफळा
सहमत. पण सगळीकडे नको. दुसऱ्या वाक्याला 'बोलू देत, गेले उडत.' तिसऱ्याला नुसतं 'अगंबाई!' पुरे, तिथे शिवी आणलीत तर आश्चर्य मरेल. चौथं 'नर्स म्हणून फार हुशार होती मेली.' यात माया येते, जी इंग्रजीतही आहे.

भटक्या_७
दाराला तरी च्यायला ठेवा.

सावरी_
'मेला' सुचला होता, पण तो वापरता येत नाही. बहीण वारलेली आहे. कथेचा शेवट तिच्या कबरीपाशी होतो आणि शेवटचं वाक्यच 'डॅम यू, यू वेंट फर्स्ट' असं आहे. तिथे 'मेले' कसं लिहू? ती खरंच मेलीय.

रातकिडा
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना!

खडूफळा
मग उलट 'मेले'च लिहा. आयुष्यभर सवयीने म्हटलेला शब्द तिथे खरा होतो. वाचक हलेल.

मोगरा_
नाही. मूळ लेखकाने 'डॅम' लिहिलंय, 'डेड' नाही. 'मेले, आधी गेलीस' वाचताना मरणावरची कोटी वाटेल. कबरीपाशी उभी राहिलेली बाई कोटी करत नाही. आणि चौथ्या वाक्यातलं 'होती मेली'ही काढा, तेही तसंच वाचलं जाईल. 'जाम हुशार नर्स होती' ठेवा.

पोथीवाला
मघाशी व्युत्पत्ती नको म्हणालात, तरी सांगतो. आधीचे अठ्ठावीस 'डॅम' झिजलेले आहेत. हा एकच मूळ अर्थाने आलाय. ती बहिणीला दोषी ठरवतेय. शाप नाही, नरक नाही, आरोप आहे: आधी का गेलीस? असा आरोप मराठीत बायका मयताजवळ करतात.

मोगरा_
'वैर साधलंस गं.' हेच म्हणतात. नाहीतर 'दावा साधलास.'

पोथीवाला
'दावा' घ्या. त्यात वैरही आहे आणि कोर्टातला दावाही. 'डाम्नारे'च्या याहून जवळ जाता येणार नाही.

रातकिडा
पण बाई परदेशी आहे. 'दावा साधलास' म्हटल्यावर ती एकदम नऊवारीतली वाटायला लागेल.

मोगरा_
दार अडकल्यावर 'मेलं' म्हणणारी बाई आधीच मराठी झाली आहे. भाषांतरात ती मराठीच बोलणार. फक्त 'गं' एकदाच ठेवा, दोनदा आला की विलाप होतो.

इतिहासप्रेमी_
'दाम' पुढेमागे सिद्ध झाला तर या धाग्याची आठवण ठेवा.

सावरी_
'दावा साधलास गं, आधी गेलीस.' हेच घातलं. मोठ्याने वाचलं आणि थोडा वेळ पुढचं काही करता आलं नाही.
'मेला-मेली-मेलं' १४ ठिकाणी बसलं. १० ठिकाणी शब्दच काढला, वाक्य वाकवून राग दाखवला. ४ अजून राहिलीत, ती घेऊन बसते. भटक्या, त्यातल्या एकात पायाच्या अंगठ्याला टेबल लागलंय. तिथे च्यायला लिहून बघते.